जर्मनीच्या बाटलीचा बिल्ला

मी बिअर पिते. वय बाहत्तर, शिक्षण चौथीपर्यंत, आणि दर शनिवारी दुपारी अर्धा पेला. सोसायटीतल्या बायकांना हे कळलं तेव्हा एकीनं लिफ्टमध्ये मला विचारलं, "आजी, औषध म्हणून घेता का?" मी म्हटलं, "नाही, चांगली लागते म्हणून घेते." तेव्हापासून ती जिन्यानं जाते. तिच्या गुडघ्यांना बरंच आहे.

वाघोलीला मी लेकीकडे राहते. जावई संगणकाच्या कंपनीत आहेत. शनिवारी जेवणं झाली की त्यांचे चार मित्र येतात. चौघांत एक मुलगी आहे, नागपूरकडची. प्रत्येकानं वेगळ्या देशाची एक बाटली आणायची, ती सगळ्यांनी वाटून घ्यायची आणि कुठली सरस यावर तासभर वाद घालायचा, असा त्यांचा नेम. लेक पीत नाही. ती शेंगदाणे भाजते, काकडी चिरते आणि मला डोळ्यांनी सांगते, आई, पुरे.

पहिल्यांदा जावयांनी थट्टेत माझ्यापुढे पेला धरला होता. मी तोंडाला लावायच्या आधी हुंगला आणि म्हटलं, "ही हिरव्या बाटलीतली आहे. दुकानदारानं उन्हात ठेवली होती." ते स्वयंपाकघरात जाऊन बाटली बघून आले. हिरवी होती. हिरव्या काचेतून ऊन आत जातं आणि बिअरला मांजर मुतल्यासारखा वास येतो. तपकिरी बाटलीत सहसा तसं होत नाही. त्या दिवसापासून पोरं मला बसवून घेतात. जपानची बिअर मला भाताच्या पेजेसारखी लागते, तापात द्यावी अशी. बेल्जियमच्या एकीत धने आणि संत्र्याची साल आहे, हे मी सांगितल्यावर पोरांनी लेबल वाचलं. आयर्लंडची काळी म्हणजे तव्यावर विसरलेली भाकरी. मला तीच आवडते. मेक्सिकोची पांढऱ्या काचेच्या बाटलीत येते आणि तिच्यात लिंबू पिळतात. लिंबू पिळल्याशिवाय घशाखाली उतरत नसेल तर ती प्यायचीच कशाला, असं माझं मत. नागपूरची पोरगी म्हणते, "काकू, तुम्ही फार खडूस आहात." मी म्हणते, "मग भर अजून थोडी."

हे नाक कुठून आलं ते आता सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं.

हडपसरच्या मागे कालव्याच्या कडेला एक पत्र्याची शेड होती. भंगारवाले दारूच्या आणि बिअरच्या रिकाम्या बाटल्या गोण्या भरभरून तिथे आणून टाकायचे. आम्ही सोळा बायका. बाटल्या कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायच्या, लेबल खरवडायचं, आतून ब्रश फिरवायचा, उजेडाला धरून बघायचं आणि शेवटी तोंड हुंगायचं. हुंगायचं अशासाठी की लोक रिकाम्या बाटलीत काहीही ठेवतात, रॉकेल, फिनेल, ढेकणांचं औषध. सोड्यानं काच चकाकते, पण रॉकेलचा वास जात नाही. अशी एक जरी बाटली निसटून बिअरच्या कारखान्यात गेली आणि तिथे सापडली, की अख्खा ट्रक परत यायचा. माझ्या हातून निसटत नव्हती, म्हणून मालकानं मला हुंगायला बसवलं. बावीस वर्षं मी सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत बाटल्यांची तोंडं हुंगली. हातांची सालं गेली, नाक राहिलं. मोठ्या हॉटेलांतून परदेशी बाटल्याही यायच्या. त्यांचा आकार वेगळा, इथे त्या परत कोणी भरत नव्हतं, म्हणून न धुताच बाजूला काढायच्या. त्यांच्या तळाशी थोडीफार बिअर उरलेली असायची. तेव्हा मी एक थेंबही पीत नव्हते, पण कुठल्या देशाचा वास कसा, ते मला पाठ होतं. ते देश नकाशात कुठे आहेत ते आजही सांगता येणार नाही.

याच कामावर लेक इंजिनियर झाली.

आता व्याह्यांचं. हे जावयांचे वडील. पेठेत राहतात, एका कचेरीत हेडक्लार्क होते. लग्नाची बोलणी पक्की झाली त्या दिवशी त्यांनी मला बाल्कनीत बोलावलं. आवाज अगदी मऊ.

"विहीणबाई, आपल्याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण आमची मंडळी जुन्या वळणाची. कोणी विचारलंच, तर आपण काचेच्या कंपनीत सुपरवायझर होतात असं सांगू. आपली हरकत नाही ना?"

दारात लेक चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली.

ती मान मी का हलवली, याचा राग अकरा वर्षं माझ्या पोटात होता. त्यांच्यावरचा राग वेगळा, स्वतःवरचा वेगळा. लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला, जिथे भेटतील तिथे ते मला पुढे करून सांगायचे, "या आमच्या विहीणबाई. ग्लास इंडस्ट्रीत होत्या." पुढे ते शनिवारी येऊ लागले तेव्हाही, नवा कोणी आला की पुन्हा तेच. एकदा एका पोरानं मला विचारलं, "म्हणजे क्वालिटीचं काम का, काकू?" मी तोंड उघडायच्या आत व्याही म्हणाले, "हो, क्वालिटीचंच." माझ्या बावीस वर्षांबद्दल मला प्रश्न विचारला जायचा आणि उत्तर ते द्यायचे.

मी केव्हाही खरं सांगू शकले असते. पण मी मान हलवलेली होती. मी सांगितलं असतं तर मी शब्द फिरवणारी ठरले असते आणि ते बिचारे, आदरानं वागलेले. मला ते त्यांच्याच तोंडून हवं होतं. चारचौघांत. बाटल्या धुवायच्या, एवढे दोन शब्द.

व्याही मोठ्या मुलाकडे जर्मनीला तीन महिने राहून आले आणि बिअरचे जाणकार झाले. मग तेही शनिवारी येऊ लागले. कुठल्याही देशाची बाटली उघडा, ते जर्मनीवरच यायचे. दिवाळीत मोठा मुलगा आला तेव्हा त्यानं बापासाठी तिथल्या एका गावची बाटली आणली, स्वेटरमध्ये गुंडाळून. ती व्याह्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला उघडायची ठरली. पण पेठेतल्या घरी त्यांचं देवघर आणि फ्रिज एकाच खोलीत. त्यांच्या बायकोनं सांगितलं, देवासमोर दारू थंड होणार नाही. म्हणून त्यांनी ती बाटली आमच्या फ्रिजमध्ये आणून ठेवली. बाटल्यांचं काम केलेल्या बाईच्या हाताशी. त्यांना ते सुचलंच नाही, कारण अकरा वर्षं दुसऱ्यांना सांगून सांगून मी सुपरवायझर होते हे त्यांना स्वतःलाही खरं वाटायला लागलं होतं.

त्याच दिवशी जावयांनी कोपऱ्यावरच्या दुकानातली आपली साधी बिअर उघडली होती. व्याह्यांनी एक घोट घेतला आणि पेला लांब ठेवला.

"ही बिअर नाही रे. हे बाटल्यांचं धुवण आहे."

पोरं हसली. व्याही माझ्याकडे बघत नव्हते. म्हणजे मुद्दाम म्हणाले नाहीत, सहज म्हणाले. मला ते सहज म्हणणंच जास्त लागलं.

शेडमधली माझी एक मैत्रीण कात्रजला राहते. शेडच्या मागच्या बाजूला मालकाचा सोडा वॉटरचा छोटा धंदा होता, तिथे ती बाटल्यांना बिल्ले लावायची. बिल्ला म्हणजे बाटलीवरचं पत्र्याचं दातेरी झाकण. त्याचं हातानं दाबायचं लोखंडी यंत्र असतं. शेड बंद झाली तेव्हा ते भंगारात निघालं होतं, तिनं घरी नेलं, कारण तिचा नवरा सोड्याची गाडी लावायचा. मी तिला फोन केला. मग कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "आजी, कोणाला पाहिजे?" मी म्हटलं, "मला. चार दे." तो पिशवीत भरेपर्यंत माझ्याकडे बघतच राहिला.

वाढदिवसाच्या आधीच्या बुधवारी, लेक आणि जावई कामाला गेल्यावर, मी जर्मनीची बाटली नऊवारीत गुंडाळली, पाचही बाटल्या पिशवीत घातल्या आणि बसनं निघाले. स्वारगेटला बस बदलताना एका तरुणानं पिशवी उचलून दिली. "जड आहे आजी, काय आहे?" मी म्हटलं, "व्याह्यांचा वाढदिवस."

मैत्रिणीनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुला सुपरवायझर केलं म्हणून तुला राग आलाय?"

"हो."

"मला तर कोणी मुकादमसुद्धा केलं नाही. लई वाईट वाटतंय आता."

"बिल्ला निघेल का नीट, ते सांग."

"निघेल की. घाई केलीस तर वाकंल. वाकला की संपलं. बस तिथं आन् गप बस."

बाटल्या तिच्या फ्रिजमध्ये गार केल्या. आधी आपल्या तीन बाटल्यांवर हात बसवला. एका बिल्ल्याला एकवीस दाते असतात. ओपनरनं एका बाजूनं उचकटला की मधोमध घडी पडते, ती पुन्हा जात नाही. म्हणून तिनं बारीक स्क्रूड्रायव्हरनं एकेक दाता थोडा थोडा सैल केला, गोल फिरत, तीनदा. तिसऱ्या फेरीला जर्मनीचा बिल्ला टोपीसारखा अलगद वर आला. आतली बिअर आम्ही पातेल्यात ओतली, चौथी बाटली उघडली आणि गारच्या गार, फेस न करता, कडेनं आत सोडली. आपली बाटली मोठी, त्यांची अर्ध्या लिटरची, त्यामुळे पुरून उरली. तिनं तोच बिल्ला बसवून यंत्राचा दांडा दाबला. बाटली उलटी धरली, बादलीत बुडवून पाहिली. बुडबुडा नाही.

मग आम्ही दोघी ओट्याला टेकून जर्मनीची प्यायलो.

"हिच्यात काय हाय एवढं?" ती म्हणाली.

"ताज्या पावाचा वास आहे. आणि कडू आहे, पण कडूपणा टिकत नाही."

"बरी हाय. आपल्यापेक्षा बरी हाय." तिनं पेला संपवला. "तुझ्या व्याह्याला कळंल की मग फरक."

"कळला तर मी हरले."

ती बापाला मुलानं प्रेमानं आणलेली भेट होती. आम्ही ती संपवली. त्याचं मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. लिहायला बसले आहे तर खोटं कशाला लिहू.

वाढदिवसाच्या शनिवारी व्याही इस्त्रीचा कुर्ता घालून आले. पोरांनी त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं. लेकीनं ओवाळलं. मग ते म्हणाले, "आज आधी तुलना करू. नुसती चांगली पिऊन चांगली कळत नाही." त्यांनी जावयांना आपली कोपऱ्यावरची एक बाटली काढायला लावली. प्रत्येकाच्या पुढे दोन पेले, डावीकडे आपली, उजवीकडे जर्मनीची. हे माझ्या डोक्यातही नव्हतं. हे त्यांनी स्वतः केलं. रंग दोन्हींचा सारखाच सोनेरी.

जर्मनीची बाटली त्यांनी स्वतः उघडली. फस्स आवाज आला. मला बरं वाटलं, काम चोख होतं.

त्यांनी उजवीकडचा घोट घेतला आणि डोळे मिटले. "हं. आधी धान्याचा गोडवा. मग मागून कडवटपणा. आणि शेवटी तोंड अगदी स्वच्छ. तिथे पाणीच वेगळं हो." मग डावीकडचा घेतला. "आणि हे? याला पुढे काही नाही, मागे काही नाही."

"फरक आहे काका," एक पोरगा म्हणाला.

"जर्मनीची स्मूथ आहे," जावई म्हणाले.

नागपूरची पोरगी दोन्ही पेले आळीपाळीनं तोंडाला लावत होती. "मला तर दोन्ही सारख्याच लागतायत."

"लहान आहेस," व्याही म्हणाले. "जीभ तयार व्हायला वर्षं जातात. विहीणबाई, आपलं काय मत?"

"पोरीची जीभ चांगली आहे," मी म्हटलं. "दोन्ही एकच आहेत. दोन्ही कोपऱ्यावरच्या दुकानातल्या."

व्याही हसले. "अहो, बाटली आपल्यासमोर उघडली मी."

"उघडलीत."

"सील होतं."

"होतं. बुधवारी बसवलं. तुमची बिअर मी आणि माझ्या मैत्रिणीनं पिऊन टाकली. चांगली होती."

लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. जावयांनी दोन्ही पेले परत चाखले, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"शक्य नाही," व्याही म्हणाले. "असं सील घरी लावता येत नाही. त्याला कारखाना लागतो."

मैत्रिणीकडून मागून आणलेलं ते यंत्र मी पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. नुकत्याच उघडलेल्या आपल्या बाटलीला एक जुना बिल्ला लावला, दांडा दाबला आणि बाटली उलटी करून त्यांच्या पुढ्यात धरली.

"काकू," नागपूरची पोरगी म्हणाली, "हे तुम्हाला कसं काय येतं?"

"ते व्याह्यांना विचार. मी काय काम करायचे ते नेहमी तेच सांगतात."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांची अडचण मला स्पष्ट दिसत होती. बाटली खरी आहे म्हणावं, तर समोर यंत्र. बिअर बदलली म्हणावं, तर मला ते कसं जमलं हे सांगणं आलं.

"त्या ग्लास इंडस्ट्रीत..." ते म्हणाले आणि थांबले.

"सुपरवायझरला बिल्ले लावता येतात का?" मी विचारलं. "कचेरीत तुमच्या साहेबाला तरी टाइप करता येत होतं का?"

एक पोरगा हसला. त्या हसण्यानं ते उठले. चेहरा लाल झाला होता.

"बाटल्या धुवायच्या त्या. हडपसरला, शेडमध्ये. भंगारातल्या दारूच्या बाटल्या धुवायच्या. म्हणून येतं. झालं समाधान?"

"आणि हुंगायचे," मी म्हटलं. "ते राहिलं तुमचं सांगायचं."

त्यांनी चपला घातल्या. जावई गाडीची किल्ली घेऊन त्यांच्या मागे गेले. नागपूरची पोरगी तेवढी म्हणाली, "काकू, केक कापायचा राहिला." मी म्हटलं, "काप." कापला, आणि आम्ही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई माझ्यासमोर येऊन बसले.

"आई, बाबांच्या सत्तराव्या वाढदिवसाला हे करायला नको होतं."

"मग कितव्याला करायला हवं होतं?"

"तुम्ही साधं सांगू शकला असतात."

"तुम्हीही. तुम्हाला तर लग्नाआधीपासून ठाऊक होतं."

ते उठून गेले. चांगला माणूस आहे, पण बापासमोर त्यांना कधी आवाज फुटला नाही. लेक चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मेथी निवडताना म्हणाली, "आणि त्या दिवशी दारात उभी राहून मीही सगळं ऐकलं होतं, ते सांगणार होतीस का सगळ्यांना?"

"कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि जुडी माझ्याकडे सरकवली.

व्याही आता शनिवारी येत नाहीत. पण गप्पही बसले नाहीत. माझी तक्रार त्यांनी बहिणीकडे केली, भावाकडे केली, साडूंकडे केली. आणि विहिणीनं बाटली कशी बदलली ही तक्रार करायची, तर विहीण काय काम करायची ते आधी सांगावंच लागतं. अकरा वर्षं ज्या मंडळींपासून झाकलं, त्या एकेकाला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं. मला कुठे जावं लागलं नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्या बहिणीचा मला फोन आला. पेठेतलीच, मोजून बोलणारी.

"अहो, एक विचारू का? राग मानू नका. आपण म्हणे दारूच्या बाटल्या धुवायच्या?"

"कोणी सांगितलं?"

"भाऊंनीच."

"मग खरंच असणार," मी म्हटलं.